वीतभर बांध

औंढ्याच्या नागनाथाचं देऊळ एका काळात बांधलेलं नाही, हे कळायला पुरातत्त्व शिकावं लागत नाही. मान जरा वर केली की पुरे. खाली काळ्या दगडाचं, यादवकाळातलं हेमाडपंती काम आणि भिंतीभर कोरलेल्या मूर्ती. वर मागाहून चढवलेलं, पेशवाईच्या वळणाचं बांधकाम. मधला काळ मोडतोडीचा. भाविक जमिनीखालच्या गाभाऱ्यात त्या अरुंद पायऱ्यांवरून अंग चोरत उतरतो, घामाघूम होऊन वर येतो आणि घरी जाऊन सांगतो की पांडवांनी बांधलेलं देऊळ पाहून आलो. नंदी देवासमोर नसून मागे का, हेही त्याला ठाऊक असतं. नर्सीच्या नामदेवांना कीर्तनासाठी मागच्या बाजूला घालवलं, तेव्हा अख्खं देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं आणि नंदी जिथल्या तिथे राहिला. आता फिरलं ते देऊळ खालचं, वरचं की त्याच्याही आधीचं, असं विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. भेटूही नये. आपल्याच डोक्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारून मी पुरेसा हैराण झालेलो आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. प्रथिनांमुळे शरीराची झीज भरून निघते, असं पोरांना सांगतो आणि पोरं ते परीक्षेत इमानेइतबारे लिहितात. वाक्य चुकीचं नाही, पण त्यातून असं वाटतं की शरीर एकदा बांधून झालेलं आहे आणि फक्त कडेकडेनं थोडं झिजतं. १९३०च्या दशकापर्यंत मोठमोठ्या शास्त्रज्ञांचीही साधारण हीच समजूत होती. शरीर म्हणजे इंजिन आणि अन्न म्हणजे कोळसा. कोळसा जळतो, इंजिन जागेवर राहतं. रुडॉल्फ शोनहाइमर हा ज्यू संशोधक १९३३ साली जर्मनी सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आला. जड हायड्रोजन शोधणारे हॅरल्ड युरी त्याच विद्यापीठात होते. त्यांच्यामुळे शोनहाइमरच्या हाती जड अणू आले, आधी हायड्रोजनचे आणि मग नायट्रोजनचे. रसायनाच्या दृष्टीनं ते नेहमीच्या अणूंसारखेच, फक्त वजनावरून ओळखू येणारे. असा खूण केलेला नायट्रोजन त्यानं अमिनो आम्लांत घालून पूर्ण वाढलेल्या उंदरांना खाऊ घातला. समजुतीप्रमाणे तो लघवीवाटे बाहेर पडायला हवा होता. निम्म्याहून जास्त बाहेर आलाच नाही. तो उंदरांच्या मांसात, आतड्यांत, यकृतात जाऊन बसला होता आणि उंदरांचं वजन मात्र तेवढंच होतं. म्हणजे इंजिनानं कोळसा अंगाला लावून घेतला होता आणि तेवढंच लोखंड बाहेर टाकलं होतं. शोनहाइमर १९४१ साली वारला. त्याचं पुस्तक पुढच्या वर्षी आलं, आणि शरीर ही ‘वस्तू’ आहे ही समजूत तिथे संपली. पाठ्यपुस्तकापर्यंत बातमी पोचायला वेळ लागतो, एवढंच.

पुढे हीच युक्ती मेंदूवर झाली. कॅलिफोर्नियातल्या एका चमूनं जड नायट्रोजनवर वाढवलेलं शेवाळ उंदरांना चारलं आणि कुठलं प्रथिन किती दिवसांत बदलतं याचा हिशेब मांडला. २०१० साली तो प्रसिद्ध झाला. यकृतातल्या प्रथिनांचं सरासरी आयुष्य ३ दिवसांचं निघालं आणि मेंदूतल्या प्रथिनांचं ९ दिवसांचं. यकृत घाईचं, मेंदू सबुरीचा. माणसाचा वेग उंदराएवढा नसेलही; पण आठवडे म्हणा, महिने म्हणा, माल बदलतो हे नक्की. पेशी तीच राहते, कारण मेंदूच्या बहुतेक चेतापेशी जन्मभराच्या असतात. तिच्या आतलं सामान मात्र सतत आत-बाहेर चालू असतं.

आता मला सांगा, डोक्यातला माल असा बदलत असेल, तर आमचे आबा आणि तात्या अजून बोलत का नव्हते?

आबा म्हणजे माझे आजोबा आणि तात्या त्यांचे चुलतभाऊ. सेनगाव तालुक्यात आमची शेतं लागून आहेत. बहात्तरच्या दुष्काळानंतर पाऊस पडला, वखर चालले, आणि त्या पेरणीला तात्यांनी बांध कोरला, असं आबांचं म्हणणं. तात्यांचं म्हणणं, आबांनी आधी कोरला होता, मी फक्त सरळ केला. तेव्हापासून अबोला. लग्नात एक पंगतीच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. अगदीच निरोप द्यायची वेळ आली, तर म्हशीकडे तोंड करून मोठ्यानं बोलायचं. म्हैस आपली दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यायची. सरकारी मोजणीही झाली. मोजणीनंतर दोघांचीही खात्री पटली की आपणच बरोबर.

आमच्याच जिल्ह्यात औंढा तालुक्यात दुधाळ्याला लायगो उभं राहतंय. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि गुरुत्वीय लहरीनं त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीचा दहाहजारावा हिस्सा एवढा फरक पडला तरी यंत्राला कळणार. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, त्याची ती थरथर. आबांना मी हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘मंग बांध सरकलेला कळंल का त्याच्यावर?’’ मला वाटतं, आमच्या तालुक्यात त्या यंत्राला खरं काम तेच आहे.

तर मुद्दा असा की त्र्याहत्तर सालचा एकही साक्षीदार-रेणू उरलेला नसताना खटला उभा कसा राहतो? अगदी एकही नाही असं म्हणता येणार नाही. पेशीच्या केंद्रकाला जी बारीक दारं असतात, त्यांच्या चौकटीतली काही प्रथिनं बदलतच नाहीत म्हटलं तरी चालेल. उंदरांना लहानपणी जड नायट्रोजन चारून पुढे साधं अन्न दिलं, तरी वर्षभरानं मेंदूतल्या त्या चौकटी जड नायट्रोजनच बाळगून होत्या. उंदराच्या आयुष्यात वर्ष म्हणजे चेष्टा नाही. औंढ्याच्या देवळाचे खालचे थर म्हणावेत तशी ही मंडळी. डीएनएसुद्धा टिकतो. १९५० आणि ६०च्या दशकांत उघड्यावर अणुबाँबच्या चाचण्या झाल्या, त्यातून हवेत जादा किरणोत्सारी कार्बन आला आणि त्या काळात तयार झालेल्या पेशींच्या डीएनएत जाऊन बसला. त्या खुणेवरून स्वीडनमधल्या योनास फ्रिसेन यांच्या चमूनं दाखवलं की मेंदूच्या बाह्यकातल्या चेतापेशी त्या माणसाच्याच वयाच्या असतात. पण हा डीएनए आणि या चौकटी म्हणजे इमारत. बांध कोण कोरतंय, याची नोंद तिथे नसते.

खरा प्रत्यक्षदर्शी एकच होता आणि तो म्हणजे आबांच्या डोळ्यातलं भिंग. डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं आपण आईच्या पोटात असताना तयार होतात आणि मरेपर्यंत बदलत नाहीत. जुनी होतात, गढुळतात, त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. तात्यांच्या वखराची पास बांधात घुसली, तेव्हा ज्या रेणूंमधून तो उजेड आबांच्या डोळ्यात शिरला, ते रेणू पुढे कित्येक वर्षं जसेच्या तसे होते. मग एका नेत्रशिबिरात ते काढून टाकले आणि तिथे प्लास्टिकचं भिंग बसवलं. खटल्यातला एवढा मोठा पुरावा असा हिरव्या पट्टीखाली नाहीसा झाला. आबांच्या बाजूवर काडीचा परिणाम झाला नाही. उलट ते म्हणाले, आता बांध आणखी स्वच्छ दिसतो.

हा प्रश्न आपल्याआधी फ्रान्सिस क्रिकला पडला होता. तोच तो, वॉटसनबरोबर डीएनएची रचना मांडणारा. १९८४ साली ‘नेचर’मध्ये त्यानं एक छोटंसं टिपण लिहिलं. त्याचा प्रश्न असा की रेणू काही दिवसांत किंवा फार तर महिन्यांत बदलतात, मग आठवण वर्षानुवर्षं कशी राहते? त्यानंच एक वाट सुचवली. रेणू एकेकटे नसतील, जोडीनं किंवा गटानं असतील. एक जुना गेला आणि नवा आला, की शेजारी उरलेला जुना त्या नव्याला खूण करत असेल. मग पुढे तो जुना गेला तरी चालतं, खूण पुढे सरकलेली असते. लगोलग जॉन लिस्मन यांनी अशी एक साखळी कागदावर मांडूनही दाखवली. चेतासंधीत कॅमकेटू नावाचं एक प्रथिन असतं, सहा-सहांच्या दोन कड्यांत मिळून बारा घटकांचं, आणि त्यातला एक जागा झालेला घटक शेजारच्याला खूण करू शकतो. लिस्मन यांच्या कल्पनेत ते चपखल बसलं. ते खरोखर असंच चालतं का, यावर शास्त्रज्ञ आजही भांडतात आणि तेही बऱ्यापैकी जुन्या बांधाचं भांडण आहे.

मला मात्र ही युक्ती वाचताक्षणी पटली, कारण आमच्या घरात ती चालू होती. आई लग्न होऊन आली, माप ओलांडलं, आणि दिवेलागणीच्या आत तिला कळलं की आडावर पाण्याला तात्यांकडच्या बायकांच्या आधी जायचं किंवा नंतर, बरोबर नाही. तिला कुणी शेजारी बसवून बांधाचा इतिहास सांगितला नव्हता. आजीनं नुसतं त्या घराकडे पाहून तोंड फिरवलं, काम झालं. पुढे आजी गेली. मग माझी बायको आली, तेव्हा तोंड फिरवायला आई होती. भांडण सुरू झालं तेव्हा या घरात जेवढी माणसं होती, त्यातले आबा सोडले तर आज एकही हयात नाही, आणि भांडणात एका दिवसाचाही खंड नाही.

एका बाबतीत मात्र फरक पडत गेला. मी लहान होतो तेव्हा तात्यांनी कोरलेला बांध वीतभर होता. मी नांदेडला कॉलेजात शिकत होतो तोवर तो हातभर झाला. अलीकडे आबा अर्ध्या गुंठ्यावर आले होते. मी आधी याला खोटेपणा समजायचो. मग करीम नादर आणि जोसेफ लडू यांच्या चमूचा २००० सालचा प्रयोग वाचला. उंदराला एक आवाज ऐकवायचा आणि सोबत विजेचा हलका झटका द्यायचा. पुढे नुसता आवाज ऐकला तरी तो थिजतो. भीती अशी मुरल्यावर त्याला तो आवाज पुन्हा ऐकवून आठवण जागी केली आणि लगेच मेंदूतल्या भीतीच्या केंद्रात नवी प्रथिनं तयार होऊ न देणारं औषध टोचलं. दुसऱ्या दिवशी भीती गायब. आठवण जागी न करता औषध दिलं, तर भीती होती तशीच. याचा अर्थ, आठवण काढली की ती सैल होते आणि परत ठेवताना नव्या प्रथिनांनी नव्यानं बांधावी लागते. न काढलेली आठवण आपल्या जागी सुखरूप. आबा ती रोज संध्याकाळी ओट्यावर काढायचे. रोज मोडायची, रोज बांधायची, आणि दर वेळी बांधताना एखादं बोट वाढायचं. बांध तात्यांनी कोरला असेल वर्षातून एकदा. आबांच्या डोक्यात तो बारमाही कोरला जात होता.

आणि हे सगळं फुकट होत नाही. मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या कष्टाचा. प्रथिनं बरीचशी पेशीच्या मुख्य भागात बनतात आणि तिथून चेतातंतूमधून लांब पाठवावी लागतात. १९४८ साली पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी उंदराच्या चेतेला आवळून बघितलं, तर आवळल्या जागेच्या मागे माल तुंबून चेता फुगली. सोडल्यावर तो माल दिवसाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर वेगानं पुढे सरकला. आबांच्या कमरेतून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी चेता मीटरभर धरली, तर मिलिमीटरच्या चालीनं हजार दिवस. ११ मे २०२३ला लायगोची पायाभरणी झाली, त्या दिवशी आबांच्या कण्यातून निघालेलं प्रथिन अंगठ्याशी पोचायला २०२६चा फेब्रुवारी उजाडणार. सगळाच माल एवढा संथ नसतो. कायनेसिन नावाचे हमाल-रेणू दोन पायांवर, एका पावलाला ८ नॅनोमीटर, असे चालत ओझी वाहतात आणि दिवसाला चाळीस सेंटिमीटरपर्यंत मजल मारतात. परतीला डायनिन आहे. तो मोडतोड माघारी आणतो. मुंबईला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका आणि त्यांचे विद्यार्थी ही वाहतूक जिवंत कृमीच्या चेतेत सूक्ष्मदर्शकातून बघतात. तो कृमी मिलिमीटरभर लांब, पारदर्शक, आणि त्याला चेतापेशी मोजून ३०२. त्यांना तिथे चक्क ट्रॅफिक जॅम दिसले. शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांनी तो शब्द वापरलाय. एवढी यातायात कशासाठी? तर आबांनी सकाळी उठून तात्यांच्या घराकडे बघून खाकरावं म्हणून.

सरकारनं २०२३ साली सलोखा योजना आणली. एकाच्या नावची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि त्याची याच्याकडे, असं बारा वर्षांपासून असेल, तर हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी शुल्क भरून अदलाबदल करून टाकायची. चांगली योजना आहे. आमच्या बांधाला ती लागू होत नाही, कारण आमच्याकडे अदलाबदल करण्याएवढी जमीन वादात नाही.

सलोखा आला तो दुसऱ्याच वाटेनं. जुनी प्रथिनं मोडायचीही एक व्यवस्था पेशीत असते. निकामी प्रथिनावर युबिक्विटिनची चिठ्ठी चिकटते आणि ते कुटून टाकलं जातं. हे शोधणाऱ्यांना २००४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पेशी स्वतःचाच कचरा कशी खाते हे उलगडणाऱ्या ओसुमींना २०१६चं वैद्यकशास्त्राचं. ही झाडलोट उताराला लागली की काही प्रथिनं ना काम करतात ना जागा सोडतात. १९०६ साली आलोइस अल्झायमर यांनी एका बाईच्या मेंदूत असे गोळे आणि गुंते दाखवले होते. तात्यांना विसर पडायला लागला, तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी त्याच नावाचा आजार सांगितला. तात्यांच्या सुनेनं हळदीचं दूध सुरू केलं. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, मोंढ्यात हंगामाला पिवळा धुरळा उडत असतो, आणि हळदीतलं कुरकुमिन काचेच्या नळीत त्या गोळ्यांना चिकटतं हेही खरं आहे. पण ते पोटातून रक्तात जेमतेम पोचतं, आणि रुग्णांवरच्या चाचण्यांत हाती लागण्यासारखं काही आलेलं नाही. हे मी सुनेला सांगितलं नाही. दूध तरी पोटात जातं.

तात्या आधी कालचं विसरले, मग नातवंडांची नावं, मग मोजणी. एका सकाळी ते काठी टेकत बांधावर आले आणि आबांना म्हणाले, ‘‘काय दादा, बरं हाय नव्हं?’’ आबांनी इकडेतिकडे पाहिलं. जवळ म्हैस नव्हती.

घरी आले ते पार अस्वस्थ. एवढ्या वर्षांचं भांडण आणि समोरचा मैदान सोडून गेलेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तात्यांना बाभळीखाली बसवलं आणि सगळं प्रकरण पहिल्यापासून सांगितलं: दुष्काळ, पेरणी, वखर, बांध. तात्यांनी मन लावून ऐकलं. तिसऱ्या दिवशी ते सगळं विसरून आले, तेव्हा आबांनी पुन्हा सांगितलं. आता हे रोजचं झालंय. आबा सकाळी न्याहारी उरकून घाईनं निघतात. दोघं ऊन चढेपर्यंत बाभळीखाली असतात.

परवा तात्या भलतेच तापले. ‘‘कोन हाय तो बांध कोरणारा? नाव सांग दादा. उद्याच सेनगावला जाऊ, केस टाकू.’’

आबा म्हणाले, ‘‘जाऊ दे रे. वीतभर तर हाय.’’

‘‘वीतभर असंना, सोडायचं काहून?’’

संध्याकाळी आबांनी मला बोलावून मोजणीची फी आता किती झालीय ते विचारून ठेवायला सांगितलं. म्हणाले, तात्या ऐकंना.